लहान होत गेलेली हाक

सत्यशीलाताई बिघडलेल्या बोर्डाशी बोलतात. ब्लाउज शिवणाऱ्या बायका तोंडात टाचण्या धरून बोलतात ना, तशा, ओठ न हलवता. "काय झालं तुला? कालपर्यंत तर चांगला होतास. कुणी बोललं का काही? बघू दे, बघू दे." मग बोर्ड कानाशी धरतात. बोर्डातून काहीच ऐकू येत नसतं, पण त्यांचा चेहरा असा होतो की बघणाऱ्याला वाटावं, आतून कुणीतरी उत्तर देतंय.

माहेर बिलोलीकडचं. नांदेडच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकल्या आणि लग्न होऊन लातूरला आमच्या गल्लीत आल्या. लातुरी बोलणं काही त्यांनी घेतलं नाही. आम्ही 'काय करताव' म्हणतो, त्या 'काय करून राहिले' म्हणतात. आणि हो म्हणायचं असलं की 'हाव' म्हणतात, तेही असं की पेटीचं झाकण पडावं. त्यांचा हाव आला की विषय संपला.

खिडकीखाली टेबल, टेबलावर सोल्डरची गन, आणि भिंतीवर बुद्धांची तसबीर. शेजारच्या कोंडाबाईंनी एकदा सुचवलं होतं की देवापुढं उदबत्ती तरी लावत जा. ताई म्हणाल्या, दिवसभर सोल्डरचा धूर तर होतोच आहे, बुद्धांची काही तक्रार आलेली नाही. तेव्हापासून कोंडाबाई त्यांना 'धूरवाली' म्हणतात, अर्थात पाठीमागं.

रिमोट, मिक्सर, एलईडी बल्ब, सगळं त्यांच्याकडं येतं. पण त्यांचं नाव आहे ते नळपेटीसाठी. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्याकडं नळ आठ-नऊ दिवसांनी येतो आणि कधी येईल ते नळ सोडणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पहाटे येईल, भर दुपारी येईल. घरात कुणी जागं नसलं की पाणी हातचं गेलं. म्हणून ताईंनी पेटी काढली. पेटीतून दोन तारा निघून नळाच्या तोटीत जातात. पाणी आलं की तारा भिजतात आणि पेटीतली आवाजाची आयसी बोलते. बाजारातल्या पेट्या इंग्रजीत सांगतात. ताईंच्या पेटीत त्या त्या घरातलं माणूस बोलतं. लाल बटण दाबून धरायचं, दहा सेकंद काय बोलायचं ते बोलायचं, आणि सोडायचं. तेवढंच आत राहतं.

गल्लीत रिवाज असा पडला की जो सगळ्यांत आधी उठतो त्याचा आवाज भरायचा. त्यामुळं नळ आला की आमची गल्ली बसस्टँडसारखी होते. कोंडाबाईंची पेटी घोगरी: "उठा रे मुडद्यांनो, मी मेल्यावर भरणार का पाणी?" किराणावाल्या गुंडप्पाची माणसं उदगीरकडची, त्याची पेटी पाणी आल्याचं कानडीत सांगते, नाकात: "नीरु बंतु, नीरु बंतु." आणि पंढरीकाकांच्या घरातून धुरपताकाकू. त्यांचा आवाज कसा सांगू. जुन्या दाराच्या कडीसारखा, आधी करकर आणि मग गोड. "आवं, उठा की. नळ आलाय. किती झोपताव?"

त्यांचा आवाज भरला तो मोठ्या उन्हाळ्यात, टँकर येत होते तेव्हा. काकूंनी आयुष्यात कधी माईकसमोर तोंड उघडलेलं नाही. फोटो काढायचा म्हटला तरी पदर ओढून आत जायच्या. बटण दाबलं, तीन वाक्यं एका दमात म्हणून टाकली आणि मग कुणी दगड हातात दिल्यासारख्या उभ्याच. दाराशी ताई होत्या. काकूंनी विचारलं, "सोडू का बटण?" ताई म्हणाल्या, "हाव, सोडा." हेही आत भरलं गेलं. ताई म्हणाल्या पुन्हा भरू. काकू म्हणाल्या, एकदा बोलले ते बोलले, मी काय शाळेत हाय का. आणि पुढं ते शेपूट कुणाच्या लक्षातही राहिलं नाही, कारण 'नळ आलाय' एवढं ऐकल्यावर मागचं ऐकायला थांबतं कोण. घागरींचा खडखडाट सुरू होतो.

माघात धुरपताकाकू गेल्या. ताप आला, छातीत उतरला, आणि गेल्या.

दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी नळ आला. कोंडाबाईंची पेटी ओरडली, गुंडप्पाची ओरडली, बायका हंडे घेऊन बाहेर आल्या. तेवढ्यात पंढरीकाकांच्या स्वयंपाकघरातून, "आवं, उठा की." सगळी गल्ली होती तिथं थांबली. कुणाचा तरी हंडा भरून वाहत होता, नळ बंद करायचं भान नव्हतं. मग काका आतून बादली घेऊन आले, कुणाकडंही न बघता नळाखाली लावली आणि म्हणाले, "उठलोय."

पंढरीकाका एसटीत कंडक्टर होते, लातूर-नांदेड गाडीवर. बोलणं अजून तसंच, सुट्या सुट्या थांब्यांचं. जेवलो. झोपलो. पुढं सरका. आणि काही जिव्हारी लागलं की उजवा हात आपोआप वर जातो, घंटीची दोरी ओढायला. दोरी नसते. हात तसाच खाली येतो. त्या दुपारनंतर त्यांनी पेटी स्वयंपाकघरातून काढली आणि ओसरीवर, खाटेच्या डोक्याशी भिंतीला लावली. हाक जवळून ऐकू यावी, एवढंच त्यांच्या मनात होतं.

श्रावण लागला. झिमझिम, ऊन नाही, भिंतींना ओल. एका सकाळी पेटी बोलली. काका उठले, बादली घेतली, नळ सोडला. नळातून नुसता फुसकारा आला, जसा झोपेतला माणूस कूस बदलताना सोडतो. पाणी नाही. संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा, "आवं, उठा की." पुन्हा फुसकारा. बाकीच्या सगळ्या पेट्या गप्प.

कोंडाबाईंनी निदान दिलं. त्यांच्याकडं निदान तयारच असतं, आवाज तेवढा खाली घेतात. "तहानेली हाय बाय. जाताना तोंडात पाणी कुणी घातलं, आठवा बरं." कुणालाच आठवेना. मग त्यांच्याच सांगण्यावरून काकांनी पेटीखाली पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. सकाळी तांब्या रिकामा. सत्यशीलाताईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, मांजर असेल. आमच्या गल्लीत मांजर नाही. हे त्यांनाही माहीत आहे.

इथपर्यंत कुणी घाबरलं असं म्हणता येणार नाही. खरा मामला पुढं झाला. आवाज बदलायला लागला.

आधी नुसता हलका वाटला, त्यातली करकर गेली. बोलणंही थोडं घाईचं. चार-सहा दिवसांनी काका गुंडप्पाच्या दुकानात आले, साखर मागितली आणि घ्यायची विसरून म्हणाले, "हा लग्नातला आवाज हाय." हदगावहून आणली तेव्हा ती अशी बोलायची. एसटीत बसवून आणली होती, अख्ख्या वाटेत तीनदा बोलली, तिन्ही वेळा याच आवाजात. काकांचा चेहरा त्या दिवशी काही वाईट नव्हता. उलट दाढी केलेली होती.

पण आवाज तिथं थांबला नाही. पाऊस जसा धरून राहिला तसा तो पातळ होत गेला. परकर नेसायच्या वयाची पोर, मग त्याहून धाकटी. "आवंउठाकी नळआलाय," असं भरभर, चिमणीसारखं, ओल्या ओसरीवर, पाणी नसलेल्या नळाशेजारी. संध्याकाळी त्या घरासमोरून जायचं असलं की लोक मोबाईल कानाला लावून जायला लागले, समोर कुणी नसलं तरी. लहान पोर आपल्या म्हाताऱ्याला 'उठा की' म्हणते, हे ऐकायला कसं लागतं ते ऐकल्याशिवाय कळणार नाही.

काका ताईंकडं आले. टेबलासमोर उभे राहिले, बसले नाहीत.

"हिला मी वळखत न्हाई," ते म्हणाले. "लग्नाआधीची मी बघितलीच न्हाई ना. ती मागं मागं चाललीय, ताई. आज सात-आठ वर्साची हाय. अजून मागं गेली तर बोलता तरी येईल का तिला?" त्यांचा हात वर गेला आणि खाली आला. "नीट कर. पर तिला हात लावू नको."

घरात काकूंचा दुसरा आवाज कुठंही नव्हता. फोटोला लाजणारी बाई मोबाईलमध्ये कशी सापडणार. गुंडप्पानं सुचवलं होतं की आत्ताचा तरी मोबाईलमध्ये भरून ठेवा. काका म्हणाले, "ह्या पोरीचा भरू? माझी बायको आत हाय."

ताई भूत मानत नाहीत. "मला भूत चालत नाही, लीकेज चालतं," हे त्यांचं नेहमीचं. पण त्या संध्याकाळी त्या ओसरीवर खाटेच्या कडेला बसल्या तेव्हा त्यांचे खांदे वर चढलेले होते, हे समोरच्या ओट्यावरून सगळ्यांनी बघितलं. रेकॉर्डिंग लावून मोबाईल पेटीजवळ धरून बसल्या. पाऊस भुरभुरत होता. पेटी बोलली.

"आवं, उठा की. नळ आलाय. किती झोपताव?" तीच पोर. आणि या वेळी घागरींचा आवाज नव्हता, कुणी धावत नव्हतं, त्यामुळं गल्लीनं पहिल्यांदाच शेपूटही ऐकलं. पोरीनं विचारलं, "सोडू का बटण?" आणि लांबून, दुसऱ्याच एका लहान मुलीनं उत्तर दिलं, "हाव, सोडा."

कोंडाबाई ओट्यावरून उठून घरात गेल्या आणि आतून कडी लावली. "दुसरी कोण आणली गं बाय हिनं," एवढंच कडीमागून ऐकू आलं.

ताई हलल्या नाहीत. मोबाईलवर त्यांनी ते पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. पेटीचं झाकण पडावं तसा तो हाव. फक्त झाकण अगदी लहान पेटीचं. बिलोलीच्या शाळेत हजेरीला ज्या आवाजानं त्यांनी हाव म्हटलं असेल, तो आवाज त्यांच्या हातात वाजत होता, आणि तो एका मेलेल्या बाईच्या लहानपणाशी बोलत होता. ताईंनी स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला. नंतर त्या सांगायच्या की तेवढा एक क्षण त्यांना लीकेज आठवलं नाही.

मग आठवलं. काकू मागं चालल्या असत्या तर एकट्या चालल्या असत्या. आपण तर जिवंत आहोत, आपण कशाला त्यांच्यासोबत लहान होऊ? दोघींचा आवाज सारखाच पातळ झाला होता, सारखाच घाईचा. म्हणजे बाई बदलली नव्हती. बाई जशीच्या तशी होती. तिला वाजवणारं घड्याळ पळत होतं. त्या आयसीच्या शेजारी एक रजिस्टन्स असतो, आवाज कुठल्या वेगानं वाजवायचा ते तो ठरवतो. त्याच्या दोन टोकांमधून वीज चोरवाटेनं, लीकेज होऊन, जायला लागली की वेग वाढतो. म्हातारी तरणी होते, तरणी पोर.

हे कळल्यावर त्यांना धीर यायला हवा होता. पण त्या जास्तच घाबरल्या. टॉर्च लावून त्यांनी झाकण उघडलं, बोट न लावता आत बघितलं आणि काकांना म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता सेल काढायचे.

काका मधे आले. "बंद केली अन् परत बोललीच न्हाई तर?"

ताईंनी मग त्यांना खाटेवर बसवलं आणि सांगितलं. आयसीला पाय असतात. एका पायाला वीज लागली की ती बोलते. त्याच्या अगदी शेजारचा पाय ऐकायचा. त्याला वीज लागली की ती जुनं सगळं पुसते आणि खोलीत जे चाललंय ते भरून घेते. ओल बोलायच्या पायापर्यंत आलेली आहे, म्हणून तर ती विनाकारण बोलते. आता मधे राहिली आहे तांदळाच्या दाण्याएवढी जागा.

"एखाद्या दिवशी ती बोलायच्या ऐवजी ऐकत बसेल, काका. तुमचा पंखा, तुमचा खोकला. मग पुढच्या वेळी नळ आला की तुम्हाला तुमचाच खोकला हाक मारेल."

काका पेटीकडं वळले. मग हात लांब करून त्यांनी स्वतः सेल काढले. तिन्ही सेल त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकले आणि वरून हात ठेवला, पूर्वी तिकिटांच्या पैशांवर ठेवायचे तसा.

दुसऱ्या दिवशी खिडकीखाली बोर्ड उजेडात आला. ताईंच्या हातचाच बोर्ड. तांब्याच्या पत्र्यावर मार्करनं रेघा काढायच्या, तो फेरिकच्या पाण्यात बुडवायचा, रेघांखालचं तांबं राहतं आणि बाकीचं ते पाणी खाऊन टाकतं. नंतर बोर्ड स्वच्छ धुवायचा असतो. नीट, पुन्हा पुन्हा. ताईंनी भिंगातून बघितलं. आयसीच्या पायांमध्ये, रजिस्टन्सच्या भोवती, पांढरा थर. घागरीच्या बुडाला असतो तसाच. त्यांनी जिभेचं टोक लावून बघितलं. खारट.

हा बोर्ड टँकरच्या उन्हाळ्यातला होता. त्या दिवसांत गोड्या पाण्यानं बोर्ड धुवायची कुणाची छाती होती? लोक तोंड धुतलेलं पाणी झाडाला घालत होते. ताईंनी बोअरचं पाणी वापरलं होतं, तेही एकाच मगात पाच-सहा बोर्ड बुडवून. आमच्या बोअरच्या पाण्यानं साबणाला फेस येत नाही आणि गिझर दोन वर्षं टिकत नाही. त्याचं मीठ बोर्डावर बसलं आणि गप्प राहिलं. पेटी गॅसच्या शेगडीजवळ होती तोवर कोरडी होती. काकांनी हाक जवळून ऐकायला ती ओल्या भिंतीवर आणली, आणि मिठानं श्रावणातलं पाणी प्यायला सुरुवात केली.

गुंडप्पानं बॅटरीत घालायच्या बिनमिठाच्या पाण्याची बाटली आणून दिली. ताईंनी मऊ टूथब्रश घेतला आणि बोर्डाशी बोलत बोलत धुवायला लागल्या. "होतंय, होतंय. थोडं राहिलंय. डोळे मिटा." बोर्डाला त्या एरवी तू म्हणतात. कोंडाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"पाणीच पाजून राहिलीस ना शेवटी," त्या म्हणाल्या, ताईंचीच नक्कल करत. "मी काय म्हणलं व्हतं?"

ताईंनी ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला. 

ऊन नव्हतं म्हणून बोर्ड गरम तव्याच्या जवळ धरून वाळवला, मग टेबलाच्या दिव्याखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी कोंडाबाई पुन्हा बघायला येऊन बसल्या आणि काकांनी खिशातले सेल काढून दिले. सेल कोमट होते. ताईंनी ते बसवले, वाटीत पाणी घेतलं आणि दोन्ही तारा बुडवल्या.

काहीच नाही. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. काकांचा हात वर गेला आणि या वेळी वरच राहिला.

ताईंनी तारा काढल्या, टोकं खरवडली, पुन्हा बुडवल्या. आणि कडी करकरली.

"आवं, उठा की. नळ आलाय. किती झोपताव?" तीच. करकर, मग गोड. मग, "सोडू का बटण?" आणि दारातून आल्यासारखा, मोठ्या बाईचा, "हाव, सोडा." कोंडाबाईंनी आधी दाराकडं बघितलं आणि मग ताईंच्या तोंडाकडं. ताईंचे ओठ बंद होते.

पहिलं काम म्हणून ताईंनी ते मोबाईलमध्ये भरून घेतलं. काका म्हणाले तुझ्याकडंच ठेव, मोबाईलमधली मला उठवायला येत न्हाई. मग ताईंनी आयसीचा ऐकायचा पाय मुळातून कापला, आता जगात कुणालाही तो आवाज पुसता येणार नाही. बोलायच्या पायावर नेलपॉलिशचा जाड हात दिला, म्हणजे ओल तिथं पोचणार नाही आणि पाण्याशिवाय पेटी बोलणार नाही. ब्रश आता रजिस्टन्सकडं वळला, तेव्हा काका म्हणाले, "थांब."

ते खूप वेळ शब्द जुळवत होते. कंडक्टरला एवढा वेळ लागत नाही.

"ती पोरगी कुठं गेली?"

ताई म्हणाल्या, कुठं जाणार, तीच ही.

"तसं न्हाई. तिचं मी काहीच बघितलं न्हवतं. लहानपणी कशी व्हती, काय बोलायची. हदगावात कुणी राहिलं न्हाई सांगायला." त्यांनी रजिस्टन्सकडं बोट केलं. "तेवढं उघडं ठेव. वर्सातून एखाद्या बारीला येऊ दे."

ताईंनी नेलपॉलिशची बाटली बंद केली. त्यांचा स्वतःचा आवाजही त्यात होता, हे काकांच्या लक्षात नसावं. ताईंना हवं असतं तर नाही म्हणता आलं असतं. त्या उठल्या, मोरीतल्या बोअरच्या पाण्यात करंगळी बुडवली आणि एकच थेंब त्या रजिस्टन्सवर ठेवला. फुंकर घालून वाळवला, मीठ तेवढं मागं राहिलं. बुद्धांच्या तसबिरीकडं पाठ होती.

काकांनी विचारलं, झालं का?

"हाव," ताई म्हणाल्या.

त्यानंतर पेटी पाण्याशिवाय कधी बोलली नाही. उन्हाळ्यात नळ आला की म्हातारी बोलवते, थंडीत म्हातारी बोलवते. पण यंदा श्रावणात, भिंती ओल्या असताना, भर दुपारी नळ आला तेव्हा कोंडाबाईंची पेटी खेकसली, गुंडप्पाची नाकात बोलली, आणि बायका हंडे घेऊन निघाल्या त्या पंढरीकाकांच्या ओसरीसमोर उभ्या राहिल्या. पाणी वाहत होतं, तरी थांबल्या. आमच्या गल्लीत वाहत्या पाण्यापुढं थांबतात त्या फक्त एवढ्यासाठी.

पेटी बोलली.

"आज किती वर्साची?" कोंडाबाईंनी हळूच विचारलं.

काकांनी डोळे मिटून ऐकलं. "धा-बारा," ते म्हणाले, आणि बादली नळाखाली लावली.

पलीकडं सत्यशीलाताईंच्या खिडकीत दुरुस्तीला आलेला मिक्सर रिकामाच घरघरायला लागला. श्रावणात नळ आला की त्या तो लावतात आणि शेपटातला तो लहानसा हाव वाजून संपेपर्यंत बंद करत नाहीत.